सोमवारी का नाही खात मग?

आमच्या मेसला ऑगस्टात एक नवीन मुलगा आला. इंजिनिअरिंगचा, सावंतवाडीकडचा. वहीत नाव लिहून घेताना मी नेहमीप्रमाणे विचारलं, "व्हेज की नॉनव्हेज?"

"व्हेज, काकू. फक्त फिश चालतंय."

मी पेन तसंच धरून बसले. वहीत रकाने दोनच. शेवटी व्हेजमध्ये लिहिलं. (व्हेजचे पैसे कमी असतात. पोराला ते आधीच कळलं होतं की काय, देव जाणे.)

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. मागच्या आठवड्यात भिशीत निघाला, तिथं पाच बायकांची सहा मतं झाली, म्हणून आता इथं लिहिते. बेळगावात तेरा वर्षं मेस चालवतेय, तेव्हा याच्यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते.

माझं मत सरळ आहे. मासा शाकाहारात बसत नाही. मासे खाऊ नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः खाते. चोर्ला घाटातून गाडी आली की आमचे हे कॅम्पात जाऊन बांगडे आणतात, आणि त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवते. पण जेवून उठल्यावर स्वतःला व्हेज म्हणवत नाही.

"मासा म्हणजे पाण्यातली भाजी" असं हसत हसत सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना माझा एकच प्रश्न. भाजी आहे ना, मग सोमवारी का नाही खात? पडवळ सोमवारी चालतं, दोडका संकष्टीचा उपास सोडताना चालतो, श्रावणात तर भाज्यांचीच चंगळ. बांगडा तेवढा श्रावण संपायची वाट बघत बसतो. त्या सावंतवाडीच्या पोरालाही मी एका सोमवारी मुद्दाम विचारलं, "सुक्या बोंबलाची चटणी वाढू?" लगेच म्हणाला, "आज नको काकू, सोमवार आहे." मी काही बोलले नाही. बोलायला शिल्लक काय होतं?

आणि आपल्या बोलीनं तर हा निकाल कधीच लावून ठेवलाय. 'वशाट' म्हटलं की त्यात मटण आलं, कोंबडी आली, अंडं आलं, मासे आले, डब्याच्या तळाला उरलेली मूठभर सुकटसुद्धा आली. शेजारच्या सारस्वत वहिनी मूळच्या गोव्याच्या. त्यांच्या घरात मासळीशिवाय पान हलत नाही, पण त्यांचाही शब्द ठरलेला: "आज शिवराक आमच्यात." म्हणजे त्या दिवशी मासे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या मासे खाणाऱ्या माणसांनी ज्याला शिवराक म्हटलं नाही, ते आपण आता 'व्हेज'मध्ये घालून मोकळे होतोय. इंग्रजी शब्द आला की माणसाला जरा सूट मिळाल्यासारखं वाटतं, असा माझा संशय आहे.

आपल्या गावात पाटी वाचूनच जेवण कळतं. बसवेश्वर खानावळ लिहिलं असेल तर ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी, दही. सावजी लिहिलं असेल तर लाल रस्सा आणि मटण. मासे पाहिजेत तर मालवणी नाहीतर गोव्याची पाटी शोधायची. बसवेश्वर खानावळीत शिरून कुणी "एक सुरमई फ्राय" म्हणून बघावं. वाढपी नुसता तोंडाकडे बघेल.

कायद्याचंही तेच. पाकिटावरच्या हिरव्या आणि तपकिरी खुणेच्या नियमात समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले प्राणी मांसाहारातच धरलेत. दूध, मध असल्या मोजक्या गोष्टी तेवढ्या बाहेर ठेवल्यात.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला ताणायचं? तो पोरगा स्वतःला काही का म्हणवून घेईना, तुझं काय जातंय? माझं काय गेलं ते सांगते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मेसमध्ये मटण-कोंबडीची भांडी वेगळी, चूल वेगळी, सगळं पाळायचे. पण माशांच्या बाबतीत माझं स्वतःचंच मन ढिलं होतं. लहानपणी पावसाच्या पहिल्या झडीला खानापूरकडे माहेरी ओढ्याला चढणीचे मासे यायचे, शेतातल्या पाण्यात पोरं पाटीनं पकडायची. खाटीक नाही, सुरा नाही, रक्त नाही. त्यामुळं 'मटण' आणि 'मासे' हे माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खणांत बसलेले. तर एका रविवारी दुपारी बांगडे तळले आणि संध्याकाळी गाळून घेतलेल्या त्याच तेलात मिरची भजी काढली. तेल महाग, टाकवेना. भजी व्हेजच्या ताटात गेली.

चिकोडीकडची एक जैन मुलगी जेवायला होती. एक भजं तोंडात घातलं आणि थांबली. वासानं कळलं तिला. ओरडली नाही, काही नाही. ताट बाजूला ठेवून म्हणाली, "काकू, मी तुम्हाला विचारून जेवायला लागले होते की." त्या महिन्याचे पूर्ण पैसे देऊन गेली आणि परत आली नाही. ज्यांच्या घरात सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, ज्या घरात पाणी गाळून पितात, तिथून आलेली मुलगी ती. सूर्य असताना जेवता यावं म्हणून तिच्यासाठी मी साडेपाचला ताट लावायचे, तेवढी काळजी घ्यायचे. आणि तेलात चूक केली. भांडी मी घासली होती. शब्द मात्र घासूनपुसून घेतला नव्हता.

म्हणून ताणते.

गांधीजींना लंडनमध्ये हाच पेच पडला होता. ते 1888 साली विलायतेला गेले. जाण्याआधी बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी आईसमोर त्यांच्याकडून प्रतिज्ञा घेतली होती, मांस खाणार नाही अशी. तिकडं शाकाहारी मंडळींत मांसाच्या तीन व्याख्या त्यांना भेटल्या. एक म्हणायची, पशुपक्ष्यांचं तेवढंच मांस, मासे चालतील. दुसरी म्हणायची, कुठल्याही जिवाचं मांस ते मांस, मासे नाहीत, पण अंडी चालतील. तिसरीत अंडी आणि दूधसुद्धा बाद. पहिली धरली असती तर प्रतिज्ञा न मोडता मासे खाता आले असते. पण त्यांनी ठरवलं, प्रतिज्ञा आईला दिलीय, तर मांस म्हणजे काय हे आई जे समजते तेच धरायचं. मध्ये काही दिवस अंडी खाल्ली होती, तीही सोडली. आत्मचरित्रात हे सगळं आहे. 1924 साली आपल्या बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजींनी अध्यक्ष म्हणून भूषवलेलं ते एकमेव. त्याचं कौतुक आपण शंभर वर्षं सांगतोय. आईच्या व्याख्येची ही गोष्ट मात्र काँग्रेस रोडवरून रोज जाणाऱ्या माझ्यासारखीला परवा परवा कळली.

मला वाटतं, गाठ तिथंच सुटते. ज्याचा तुमच्यावर भरवसा आहे, त्याच्या मनातला शब्दाचा अर्थ धरायचा.

माशाला दुखतं की नाही, यावरही भिशीत वाद झाला. ट्राउट माशाच्या तोंडाशी दुखणं ओळखणारे मज्जातंतू असल्याचं 2003 साली शास्त्रज्ञांनी दाखवलंय. ब्रिटननं तर 2022 च्या कायद्यात खेकडे, कोळंबी, माकुल यांनाही संवेदना असलेल्या प्राण्यांत घेतलं. अडचण फक्त तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची. शिंपल्यातल्या त्या जिवाला मेंदूच नसतो म्हणे. शास्त्राच्या बाजूनं कुणाला वाद घालायचाच असेल तर तिसऱ्यांवर घालावा, बांगड्यावर नको. तरी तिसऱ्यांचं सुकं व्हेजच्या ताटात मी वाढणार नाही.

त्या मुलीनंतर तेलाची कढई वेगळी केली. वहीत तिसरा रकाना मात्र परवाच आखला: 'मासे'. सावंतवाडीच्या पोराचं नाव त्यात सरकवलं. तोंड जरा वाकडं केलं त्यानं, पण पैसे मी वाढवले नाहीत, त्यामुळं गप्प बसला.

हे सगळं लिहायला आणखी एक निमित्त झालं. माझ्या सासूबाई माळकरी. तुळशीची माळ घालून तीस वर्षं झाली. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मऊ, पारदर्शक, सोनेरी. रोज रात्री जेवल्यावर एक. परवा औषधं आवरताना डबीवरचं बारीक अक्षर वाचलं: फिश ऑइल. वरचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे तेही जनावराच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. डबी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होते. हे म्हणाले, "कशाला सांगतीस? औषधाला चालतंय की." पुतण्यानं मोबाईलमध्ये बघून सांगितलं की त्या तेलातलं कामाचं जे असतं, ओमेगा, ते माशालाही मुळात समुद्रातल्या शेवाळातूनच मिळतं, आणि थेट शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या गोळ्याही असतात. त्या मागवू, आणि झालं गेलं गुपचूप राहू दे, असं घरात बहुमत झालं.

मी सांगितलं. माळ त्यांची आहे.

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग डबी मागून घेतली, उघडून आत बघितलं.

"किती गेल्या गं?"

"बावीस, आत्याबाई."

"बरं. उद्यापासून जवसाची चटणी कर मला." मग माळेवरून हात फिरवत पुटपुटल्या, "बावीस एकादश्या जास्तीच्या काढायच्या म्हणजे वर्ष जाईल की गं बाई."