आजोबा, तो शब्द नाही, हा शब्द

काल संध्याकाळी लालबागला भावाकडे गेलो होतो. चाळीच्या लाकडी जिन्यात पाच पोरं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, त्यावर बंदुकांचा गेम, एका कानात इअरफोन. माझा पुतण्या ओरडत होता, "अरे छपरावर स्नायपर आहे, कव्हर दे! एक नॉक केलाय, लूट नंतर कर!" वरून एक आजोबा उतरत होते, ते थांबले. मला म्हणाले, "ही कसली भाषा रे यांची? मराठी पार बुडवली."

तेव्हा गप्प बसलो, पण रात्रभर तेच डोक्यात होतं.

'लूट' तर आपलाच शब्द. अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या गोऱ्यांनी तो इथून उचलला, इंग्रजीत नेला, आणि आज मोबाइलमधून तो परत आपल्याच जिन्यात आलाय. 'स्नायपर'ची गोष्ट तर मला त्याहून आवडते. स्नाइप म्हणजे पाणलावा. दलदलीत, भातखाचरात बसणारा छोटा पक्षी. चिखलात असा मिसळून जातो की पाय पडेपर्यंत दिसत नाही, आणि उडाला की नागमोडी पळतो. १७७० च्या दशकात हिंदुस्थानातले ब्रिटिश सैनिक त्याची शिकार करायचे. त्याला टिपायचं तर नेम तसाच पक्का हवा. त्यावरून हा शब्द रूढ झाला, लपून, दुरून नेम धरणाऱ्या बंदूकवाल्या सैनिकाला नंतर चिकटला.

कॉलेजात असताना मी दादरच्या एका सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायचो. ए आणि डी या बटणांवर बोटं ठेवून डावीउजवीकडे सरकत राहायचं, त्याला आम्ही 'स्ट्रेफ मारणं' म्हणायचो. पहिल्या महायुद्धात जर्मनांची घोषणा होती, 'गॉट श्ट्राफे इंग्लंड', देव इंग्लंडला शिक्षा करो. ब्रिटिश सैनिकांनी त्यातलं क्रियापद उलट त्यांच्यावरच वापरलं, मग विमानातून जमिनीवर केलेल्या गोळीबाराला ते नाव पडलं. तिथून ते आमच्या कीबोर्डवर.

'फ्रॅग' मात्र मला सहज म्हणवत नाही. व्हिएतनाम युद्धात काही अमेरिकन सैनिक नकोशा झालेल्या आपल्याच अधिकाऱ्याच्या तंबूत हातबॉम्ब टाकायचे. गोळीवरून बंदूक शोधता येते, हातबॉम्ब मागे काहीच ठेवत नाही. या बॉम्बचं इंग्रजी नाव 'फ्रॅगमेंटेशन ग्रेनेड', त्यावरून त्याला ते 'फ्रॅगिंग' म्हणत. १९९३ साली 'डूम' हा गेम आला, आणि हा शब्द गेममधला गुण मोजायचा शब्द झाला. एक मारला, एक फ्रॅग. हे पोरांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आता आजोबांच्या तक्रारीचं. लहानपणी विटीदांडू खेळताना "वकट, लेंड, मूंड" मोजलं असेल ना त्यांनी? ते तेलुगू आकडे आहेत, ओकटि, रेंडु, मूडु. आणि मूठ ओठांवर धरून आपण सगळे 'टॅम्प्लीज' म्हणायचो, ते 'टाइम प्लीज'. खेळाची भाषा कायम उसनवारीवरच चालत आली. "तो जिन्यात कॅम्प मारून बसलाय", म्हणजे एकाच जागी दबा धरून बसलाय, या वाक्यात इंग्रजी शब्द एकच आहे. 'मारून बसलाय' ही सगळी आपली मराठी. त्या पोरांनी परका शब्द आणला आणि आपल्या व्याकरणात बसवून टाकला. बुडालेल्या भाषेला हे जमत नाही.

पण आजोबा खाली गेल्यावर जे ऐकलं त्याने माझ्या पोटात गोळा आला. मॅच संपली, आणि एक जण खुशीत म्हणाला, "रेप केला रे त्यांना!" मोठ्या फरकाने हरवलं, एवढाच त्याचा अर्थ. बारा वर्षांचा मुलगा. जिन्यातून एक ताई भाजीची पिशवी घेऊन वर जात होती. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. 'नूब' (म्हणजे नवखा) आणि 'कॅम्प' आपल्या कानाला टोचतात, आणि हा शब्द सरळ आत जातो? जिच्यावर ते खरंच ओढवलंय, तिला जिन्यात हे ऐकू आलं तर काय होत असेल, याचा विचार कोण करणार?

मी खाली बसलो, पोरांशी बोललो. ओरडलो नाही. त्या शब्दाचा अर्थ सांगितला, सरळ, आडपडदा न ठेवता. पाचही जण चूप. मग पुतण्या हळूच म्हणाला, "काका, मग काय म्हणायचं?"

म्हटलं, धुतला म्हणा. लोळवला म्हणा. आस्मान दाखवलं, चारी मुंड्या चीत केलं. ते शब्दही मारामारीचेच, याच गिरणगावातल्या तालमींमध्ये घुमलेले.

"लोळवला चालेल," तो म्हणाला, आणि पुढची मॅच लावली.