तासिकेच्या सरांचा हिशेब

भाच्याचा फोन आला तेव्हा इथे इंग्लंडात दुपारचे तीन वाजले होते, तिकडे गावी रात्रीचे साडेआठ. एरवी हा पोरगा माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलतो, पण रडकुंडीला आला की अहिराणीवर येतो. "मामा, माले काही समजनं नही."

तापीकाठच्या आमच्या गावाहून तो रोज एसटीने तालुक्याच्या कॉलेजात जातो. बी. एस्सी.चं दुसरं वर्ष. एका विषयाच्या सरांची जागा ते निवृत्त झाल्यापासून रिकामीच आहे. कॉलेजने मुलांना सांगितलं, ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर कोर्स करा, क्रेडिट मिळतील. नियमाने ते योग्यच आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१६ मध्ये अशा ऑनलाइन कोर्सला वीस टक्क्यांपर्यंत मुभा दिली होती, २०२१ मध्ये ती चाळीस टक्के केली. शिकवणारे आयआयटीतले नामांकित प्राध्यापक आहेत आणि व्हिडिओही चांगला आहे, मी स्वतः पाहिला. पण इंग्रजीत, एकामागून एक, न थांबता. भाच्याने तो दोनदा पाहिला आणि मग मला फोन लावला.

हे मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला नको होतं. निवृत्त प्राध्यापक असलेले आमचे तात्या लगेच उसळले : हा सगळा भरती न करण्याचा बहाणा आहे, फळ्याला पर्याय नाही. पुण्यात आयटीत असलेला चुलतभाऊ म्हणाला, "तात्या, जग कुठे चाललंय बघा. परदेशात सगळं ऑनलाइनच आहे. विचारा दादाला." आणि मला साक्षीला उभं केलं.

तर ही माझी साक्ष.

मी इंग्लंडच्या उत्तरेला एका विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. माझं प्रत्येक लेक्चर रेकॉर्ड होतं आणि त्याखाली आपोआप अक्षरं उमटतात. ही अक्षरं माझ्या खान्देशी इंग्रजीपुढे हात टेकतात; गेल्या वर्षी अख्ख्या तासभर ‘व्हेक्टर’चा ‘वेटर’ होत राहिला. तरी ती हवीतच. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला त्यांचा आधार असतो, आणि २०१० च्या समानता कायद्याने अशी सोय करणं विद्यापीठाला बंधनकारक आहे. इथवर चुलतभावाचं बरोबर.

पुढचं मात्र तो विचारत नाही. ऑक्टोबरात माझा हॉल भरलेला असतो, डिसेंबरात रांगाच्या रांगा रिकाम्या. "रेकॉर्डिंग आहेच की." मग परीक्षेच्या आधी चार रात्री जागून पोरं सगळं सत्र डोळ्यांखालून घालतात. मला ते पाहून आमच्या जुन्या केळीच्या बागेची आठवण होते. पाटाचं पाणी सोडलं की वाफा तुडुंब भरायचा, बघणाऱ्याला समाधान वाटायचं. मुळाला किती पोचलं, याचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं.

खान्देशी माणूस नव्याला बिचकतो, असं बाहेरचे लोक म्हणतात तेव्हा मला हसू येतं. याच माणसाने पाट मोडून ठिबक अंथरलं, घरचे कंद सोडून टिश्यू कल्चरची रोपं लावली, खत पोत्यातून फेकायचं सोडून ते ठिबकच्या पाण्यात मिसळणाऱ्या व्हेंचुरीतून द्यायला लागला. पण त्याला हेही ठाऊक आहे की ठिबक विकत आणून भागत नाही. फिल्टर धुवावा लागतो, लॅटरलची, म्हणजे ओळीओळीने जाणाऱ्या नळ्यांची, टोकं सोडून कचरा काढावा लागतो, थेंब सोडणारे ड्रिपर क्षाराने बुजले की अॅसिड द्यावं लागतं, नळ्या खारी कुरतडतात ते वेगळंच. रोज बागेत फिरणारा माणूस नसेल तर एका हंगामात सगळं भंगारात. वावरातलं हे शहाणपण कॉलेजच्या फाटकाशी का थांबतं, हे कोडं मला सुटलेलं नाही.

दुरून शिकवणं ही काही कालची गोष्ट नाही. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर दुपारी यूजीसीचे कार्यक्रम लागत. ते १९८४ च्या १५ ऑगस्टला सुरू झाले. शेजारच्या आप्पांकडे एकुलता एक टीव्ही. आम्ही पोरं पुढे काहीतरी बरं लागेल या आशेने तोंडं उघडी टाकून ते इंग्रजी भाषण बघत बसायचो. इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, ओपन युनिव्हर्सिटीचा त्याआधीपासून बोलबाला होता. १९७१ मध्ये तिचे पहिले विद्यार्थी शिकायला लागले आणि बीबीसीवर तिचे धडे लागत. सगळ्यांना आठवतो तो टीव्ही. पण त्या विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्यूटर नेमून दिलेला असे. तो गृहपाठ तपासायचा, समासात शेरे लिहायचा, आणि त्याचे त्याला पैसे मिळायचे. आपण टीव्हीकडे पाहिलं, शेरे लिहिणारा आपल्याला दिसला नाही.

माझ्या हॉलमध्ये जे यंत्र खरोखर कामाला येतं ते साधं आहे. मी एक प्रश्न टाकतो, चार पर्याय. पोरं फोनवरून मत देतात. बरोबर उत्तर जेमतेम तिघांत एकाचं. उत्तर न सांगता मी म्हणतो, शेजाऱ्याला पटवा. दोन मिनिटं हॉलमध्ये बाजार भरतो. पुन्हा मत घेतलं की बहुतेक जण बरोबर उत्तरावर येतात, आणि जे येत नाहीत ते कुठे अडलेत ते मला कळतं. हार्वर्डचे एरिक माझूर यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात ही पद्धत नव्वदीच्या सुरुवातीला रुळवली. असा एक प्रश्न घडवायला मला कधी कधी अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस माझ्या वर्षाच्या कामाच्या तक्त्यात ‘तयारी’ म्हणून मांडलेला असतो. कमी मांडतात म्हणून आम्ही कुरकुरतो, पण मांडतात.

आता माझ्या पापाकडे येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून कॉलेजला एक स्मार्ट बोर्ड दिला. नारळ फुटला, फोटो आले. या जानेवारीत गावी गेलो तेव्हा भाच्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. बोर्डावर जुन्या नऊवारीचं लुगडं पांघरलेलं. बोर्डावर टेकवून लिहायचा पेन हरवला होता, आणि आधीच कोणीतरी बोर्डावर मार्करने लिहून ठेवलं होतं, ते पुसता पुसता काचेला धुरकट डाग पडला होता.

त्याच बोर्डासमोर उभं राहून तासिका तत्त्वावरचे एक तरुण सर शिकवत होते. त्यांनी प्रत्येकाला एक झेरॉक्स कागद वाटला. त्यावर चौकोनी काळी नक्षी, चार बाजूंना अ, ब, क, ड. प्रश्न फळ्यावर लिहिला. मुलांनी आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असा कागद छातीशी धरला. सरांनी आपला फोन वर्गावरून डावीकडून उजवीकडे फिरवला, आणि कोणाचं काय चुकलं ते स्क्रीनवर आलं. मुलांकडे ना फोन लागला, ना नेट. मग सर म्हणाले, "आता बाजूच्याला समजावा. अहिराणीत सांगितलं तरी चालेल." मला माझा हॉल आठवला. फक्त इथला गोंगाट जास्त खरा होता. भाचा हात हलवून हलवून कोणाला तरी पटवत होता, आणि त्याचं उत्तर चुकलेलं होतं.

तासानंतर मी सरांना विचारलं, प्रश्न कधी काढता? "रात्री, घरी." झेरॉक्स? हसले. तासिकेचा हिशेब सरळ असतो : तास घेतला की पैसे, सुट्टी पडली की नाही. रात्री प्रश्न काढायचा तास कुठल्याच रजिस्टरात बसत नाही. अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर मुलांच्या शंका येतात, त्याही नाही. लॉकडाऊनमध्ये सातपुड्यातल्या पोरांना रेंज मिळेना, तेव्हा ते व्हिडिओऐवजी पाच-पाच मिनिटांचे आवाज रेकॉर्ड करून पाठवत. टेकडीवर चढलं की ते डाउनलोड व्हायचे. तेही नाहीच. एवढं बोलून त्यांनी कागदांना रबर लावलं, पिशवीत टाकलं आणि मोटारसायकलला किक मारली. वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात त्यांचा पुढचा तास होता.

म्हणून तात्यांना मी एवढंच लिहिलं की भरती हवीच, पण भरती झाली तरी नुसता फळा पुरणार नाही. त्या वर्गात गप्प बसलेल्या पोराचं अडलेलं मला तरी फळ्यावरून दिसलं नसतं. आणि चुलतभावाला लिहिलं की परदेशात यंत्र चालतं ते यंत्रामागच्या माणसाचे तास मोजले जातात म्हणून, आणि जिथे नुसतं रेकॉर्डिंग ठेवून दिलंय तिथे इथेही हॉल ओस पडतात. दोघांनीही अंगठा पाठवला. आमच्यात अंगठ्याचा अर्थ ‘पुरे आता’ असा होतो.

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर यंदा पुन्हा वर्गणी निघाली आहे. एका डॉक्टरमित्राची सूचना आहे दुसऱ्या बोर्डाची, या वेळी मोठ्या. मी सुचवलं, त्या पैशात अशा दोन-तीन सरांचे आठवड्याचे चार-चार तास वर्षभर विकत घेऊ : प्रश्न काढायला, शंकांना उत्तरं द्यायला. वर झेरॉक्सचं बिल. डॉक्टरने विचारलं, "पण मग देणगीदारांच्या नावाची पाटी कशावर लावायची?" तो थट्टेने म्हणाला की मनापासून, हे इतक्या लांबून कळत नाही. अजून सात जणांचं मत यायचंय.