ओढ्यातले मासे फुकट नसतात

पाऊस सुरू झाला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: दुकानातले परदेशी मासे आणून पैसे घालवू नका. मुलांना येऊरच्या नाहीतर खारघरच्या ओढ्यावर न्या, चहाच्या गाळणीने देशी मासे धरा आणि घरी वाडग्यात ठेवा. ते काटक असतात, त्यांना फिल्टर वगैरे लागत नाही. कंटाळा आला की जवळच्या तलावात सोडा, डासही कमी होतील. जमलं तर मुलांना गळ टाकायलाही शिकवा, कारण धरलेला मासा लगेच सोडला तर त्याला काही होत नाही.

देशी मासे पाळावेत आणि मुलांनी मोबाइल बाजूला ठेवून पाण्याकाठी बसावं, हे मला मनापासून पटतं. माझी टाकी देशी माशांचीच आहे आणि गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायची सवयही जुनी. म्हणूनच हा मेसेज जास्त खटकतो. हेतू चांगला आणि तपशील जवळपास सगळेच चुकलेले.

दुकानातले मासे म्हणजे परदेशी, इथपासूनच गडबड आहे. कुर्ल्याच्या बाजारात किंवा कोपऱ्यावरच्या कुठल्याही ॲक्वेरियमच्या दुकानात उभे राहा. पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा डॅनियो, तांबूस रोझी बार्ब, निळ्या-केशरी पट्ट्यांचा ड्वार्फ गोरामी हे तिन्ही आपल्याच उपखंडातले. झेब्रा तर इथल्या ओढ्या-खाचरांतून निघून जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन बसला. या तिघांची पैदास वर्षानुवर्षं टाक्यांमध्ये होते, त्यामुळे देशी टाकी लावायला ओढ्यात उतरायची गरजच नाही. दुकानदाराला एवढंच विचारायचं, मासा पैदाशीचा आहे की पकडलेला? देशी असणं आणि बिनधोक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांतला डेनिसन बार्ब, म्हणजे लाल रेघेचा 'टॉर्पेडो', ॲक्वेरियमच्या निर्यातीसाठी इतका उपसला गेला की आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तो आज धोक्यातल्या माशांमध्ये आहे. तोही देशीच की!

आता ओढा. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून मासाच काय, काहीही उचलून आणणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पनवेलकडच्या कर्नाळा अभयारण्यालाही हाच नियम. 'एवढासा तर मासा' असं म्हणून कलम बदलत नाही.

पण समजा ओढा जंगलाबाहेरचा आहे आणि कोणी अडवतही नाही. तरी जूनमध्ये मासे इतके सहज का सापडतात, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला नाही. त्यालाच आपण वळगण म्हणतो. पहिला मोठा पाऊस झाला, ओढे वाहू लागले, की नदी-तळ्यातले मासे प्रवाहाच्या उलट चढून शेताच्या खाचरांत अंडी घालायला येतात. पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं, अंगात सुस्ती, पाणी घोटाभर. मग गाळणीत नाही येणार तर काय! रायगड-ठाण्याच्या गावांत वळगणीचे मासे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जातात, आणि त्या चवीबद्दल मी एक अक्षर वाकडं बोलणार नाही. मात्र खाचरापर्यंत पोचलेली मादी बाटलीत भरून सातव्या मजल्यावर आणली की ती बहुतेक वेळा अंडी न घालताच दोन दिवसांत मरते. ना खाल्ली, ना पाळली.

बरं, मग उन्हाळ्यात आणावेत? आपल्या डोंगरातले बहुतेक ओढे हिवाळा सरता सरता आटतात. राहतात ते कातळातले दोन-चार डोह. त्यात तगून राहिलेले मासे हेच पुढच्या पावसाचं बियाणं. मार्चमध्ये त्या डोहातून मूठभर मासे काढले तर जूनमध्ये वर चढायला उरणार कोण?

ज्यांना रानातलेच मासे हवेत, त्यांच्यासाठी एक मधला काळ आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भात पिकायला लागतं, खाचरातलं पाणी उतरतं आणि बोटाएवढी पिल्लं बांधाकडेच्या डबक्यांत अडकतात. डबकं आठवड्याभरात सुकणार असतं आणि त्याआधी बगळे येणार असतात. शेताच्या मालकाला विचारून तिथली चार-सहा पिल्लं आणली तर ओढ्याचं काही बिघडत नाही. शिळफाट्याच्या पलीकडे, पनवेलच्या आतल्या गावांत अशी शेतं अजून आहेत. मालक आधी हसतो, मग स्वतःच बादली आणून देतो.

'काटक असतात, फिल्टर लागत नाही' हा दावा तर सगळ्यात जीवघेणा. वाहत्या ओढ्यातल्या माशाला प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. एप्रिलमध्ये कोपरखैरण्याच्या फ्लॅटमधला वाडगा किती तापतो, ते हात बुडवून बघा. लोच (ओढ्याच्या तळाशी राहणारा छोटा मासा) किंवा डॅनियो अशा पाण्यात पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करतो आणि मुलं म्हणतात, 'बघा बाबा, बोलतोय!' तो गुदमरत असतो.

त्यात अमोनिया. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून तो सतत सोडत असतो. ओढ्यात तो वाहून जातो, वाडग्यात साचतो. नव्या टाकीत तो पचवणारे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ते मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर राहतात. म्हणून आधी टाकी चालू करायची, मासे नंतर, तेही थोडे थोडे. स्पंज नळाखाली खळखळून धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस्स. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. साधा हवेवर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो, पण तो हवाच. वर झाकणही हवं, नाहीतर डॅनियो सकाळी सोफ्याखाली सापडतो.

खरोखर काटक म्हणावा असा एक गट आहे, मरळ आणि त्याचे भाऊबंद. त्यांना हवेतून श्वास घेता येतो, म्हणून ते डबक्यात तगतात. पण तोच त्यांचा घातही करतो. टाकी काठोकाठ भरून वर घट्ट काच बसवली तर मरळ पाण्यात बुडून मरतो. झाकणाखाली चार बोटं हवा सोडावी लागते. शिवाय पावसाळ्यात तळ्याच्या कडेला लाल-केशरी पिल्लांचा दाट गोळा फिरताना दिसतो ना, गाळणीत सर्वांत आधी तोच येतो. ती मरळीची पिल्लं, आणि खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. वर्षभरात ती वीतभर होतात आणि टाकीतल्या बाकी सगळ्यांना गिळतात. हातभर वाढणाऱ्या माशासाठी हॉलमध्ये हौद बांधायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

मग येतो सुटकेचा मार्ग, तलावात सोडा. ठाण्यातले मासुंदा, उपवन, कचराळी हे तलाव, नवी मुंबईच्या गावठाणांतली तळी, सगळी या पुण्यकर्माची बळी आहेत. 1952 साली श्रीलंकेतून आणलेला तिलापिया, आपला चिलापी, देशभरच्या तळ्यांत कसा पसरला ते सांगायला नको. थाई मांगूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकन मासा 2000 सालापासून बंदी असूनही संपलेला नाही. टाकीची काच साफ करायला आणलेला सकर मासा दक्षिण अमेरिकेचा. तो पार उजनीत पोचलाय, तिथल्या मच्छिमारांची जाळी फाडतोय. 'पण आमचा मासा तर देशीच' हेही उत्तर नाही. टाकीत दुकानातल्या माशांबरोबर राहिलेला मासा त्यांचे परजीवी आणि रोग अंगावर घेऊन जातो. नको झालेला मासा दुकानदार बहुतेक वेळा परत घेतो, किंवा दुसरा हौशी माणूस घेतो. तळं हा त्याचा पत्ता नव्हे.

डासांचं थोडक्यात. डेंग्यूचा एडिस डास तळ्यात वाढत नाही. तो वाढतो फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या बशीत, गच्चीतल्या उघड्या पिंपात. तळ्यात कितीही मासे सोडा, त्याच्या केसाला धक्का लागणार नाही. आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून घासून कोरडी करा.

राहिला गळ. धरून सोडलेला मासा जगू शकतो, हे खरं आहे. पण जगतोच असं नाही आणि ते बऱ्याच अंशी धरणाऱ्याच्या हातावर आहे. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. हात आधी ओला करायचा. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाकायचा, म्हणजे गळ क्षणात सुटतो. फोटो काढायचाच असेल तर कॅमेरा तयार ठेवून मग मासा पाण्याबाहेर काढा. आपण जितका वेळ श्वास रोखून धरू शकतो, त्याहून जास्त वेळ त्याला बाहेर ठेवू नका. गळ घशात गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तोंडाजवळ कापा. मे महिन्याच्या दुपारी गरवायलाच जाऊ नये. तापलेल्या पाण्यात दमलेला मासा पोहून गेल्यासारखा दिसतो आणि तासाभराने उलटा तरंगतो. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणायचा, बगळ्यांचे पाय त्यात अडकतात.

आणि कुठेही बसून गळ टाकता येत नाही. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. धरणं आणि बरीचशी तळी मच्छिमार सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदारांकडे असतात. आधी जाऊन विचारावं. अनेक जण नाममात्र पैसे घेऊन एका गळाला परवानगी देतात. न विचारता बसलात आणि रखवालदाराने हटकलं, तर 'आम्ही सोडूनच देणार होतो' हे त्याला पटत नाही. त्या पाण्यात रोहू-कटल्याचं बीज संस्थेने स्वतःच्या पैशाने सोडलेलं असतं.