‘तीन वर्षांनी कर्ज माफ’ या मेसेजबद्दल खुलासा

‘तीन वर्षं हप्ता भरला नाही की कर्ज कायद्याने आपोआप माफ होतं, मग वसुलीवाल्याने फोन केला तरी तो गुन्हा’ असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला होता. चूक माझीच, म्हणून हे लिहितोय.

तीन वर्षांची मुदत खरी आहे, पण ती कर्जाची नाही, दाव्याची. मुदत कायदा, 1963 पाहिला तर साध्या पैशाच्या वसुलीसाठी कोर्टात दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. मुदत टळली तरी देणं संपत नाही. फक्त कोर्टाचा रस्ता बंद होतो. त्यातही मेख अशी की मुदतीच्या आत तुम्ही ‘हो, देणं आहे’ असं सही करून लिहून दिलंत, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. घर गहाण असेल तर हिशोबच वेगळा, तिथे 12 वर्षं.

फोन करणं गुन्हा नाही. छळ मात्र चालत नाही. रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात बजावलंय: थकीत कर्जासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन नको, धमकी नको, चारचौघांत अपमान नको, नातेवाइकांना त्रास नको. असं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा; 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.