झाड तोडून मिळेल

घरामागचं झाड छाटायचं किंवा काढायचं मनात आलं असेल, तर सर्वात आधी एक पथ्य पाळा. कारण शोधत बसू नका. शोधायला गेलं की ते सापडत नाही, असा पुष्कळांचा अनुभव आहे. पानं पडतात, शेजारी कुरकुरतात, वाऱ्यात हलतं, एवढं पुरे. वाऱ्यात हलल्यामुळेच झाडाचं खोड आणि मुळं दणकट होतात, असं कोणी सांगू लागलं तर त्याला नम्रपणे विचारा, ‘तुमच्या छपरावर आलंय का ते?’

माणूस शोधायचीही गरज नसते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी तोच दार वाजवतो. खांद्यावर दोर, हातात करवत, मागे एक पोरगा. तो झाडाकडे फारसं बघत नाही. आधी घराकडे बघतो, मग तुमच्याकडे, आणि अंदाज घेऊन म्हणतो, ‘हे पडणार, साहेब.’ कधी, ते सांगत नाही. मग कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने खोडावर दोनदा ठकठक करतो. ‘आतून पोकळ आहे.’ तुम्हाला त्या आवाजात काहीच वेगळं ऐकू येत नाही, पण तुम्ही काय त्यातले जाणकार आहात? मान डोलवा.

याउलट शिकलेला वृक्षतज्ज्ञ फार तापदायक. तो झाडाभोवती दोन चकरा मारतो. बुडाशी माती उकरून मुळं कुठे फाकतात ते बघतो. खोडावर किंवा मुळाशी अळंबी उगवली आहे का, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात चीर गेली आहे का, झाड पूर्वीपासून कललेलं आहे की हल्लीच कललंय आणि एका बाजूची जमीन उचलली गेली आहे, असल्या चौकशा करतो. पोकळीचं म्हणाल तर त्याचं म्हणणं असं, की खोडाचा जिवंत भाग कडेला असतो. पोकळ खोडाची भिंत पुरेशी जाड असली तर ते नळीसारखं वर्षानुवर्षं उभं राहतं, म्हणून आधी भिंत मोजू. एवढं सगळं करून तो शेवटी सांगतो, ‘दोन वाळक्या फांद्या काढू, बाकी झाड ठेवा.’ आणि याची फी घेतो! काही करू नका हे ऐकायला पैसे मोजायचे, ही चैन तुम्हाआम्हाला परवडणारी नाही.

तरी रीत म्हणून तीन दर मागवा. दोन जवळपास सारखे येतील, तिसरा त्यांच्या निम्म्यावर. तिसरा घ्या. उरलेले निम्मे कुठून वाचले, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. ते हेल्मेटमधून वाचले, कमरपट्ट्यातून वाचले, खाली दोर धरायला लागणाऱ्या दुसऱ्या जाणत्या माणसातून वाचले, आणि मुख्य म्हणजे विम्यातून वाचले.

विम्याचा कागद मागणं तर फारच जिवावर येतं, नाही का? समोरचा दुखावतो. ‘इतकी वर्षं करतोय, काही झालं नाही,’ म्हणतो. ते खरंही असतं, कारण ज्यांना झालं ते दर द्यायला येत नाहीत. कामगारांचा एक विमा आणि लोकांच्या नुकसानीचा दुसरा, असे दोन कागद बघावेत आणि विमा कंपनीला फोन करून ते चालू आहेत का हेही विचारावं, असं संशयी लोक सांगतात. तुम्ही विश्वासाने जगणारी माणसं. ओल्या लाकडाचा एक घनमीटर बऱ्याच जातींत सातशे-आठशे किलोच्या पुढे जातो. पण तो खाली येताना तुमच्या विश्वासाचा मान राखील. छपरावर आलाच, तर तुमचं, त्याचं आणि शेजाऱ्याचं नेमकं काय ठरलं होतं ते आठवत बसायला निवांत वेळ मिळेल. कारण लेखी तर तुम्ही काही घेतलेलं नाही. ‘सगळं साफ करून देतो’ एवढंच बोलणं झालं होतं. त्या ‘सगळं’मध्ये फांद्या उचलणं येतं का, लाकूड कोणाचं, बुडखा जमिनीखालपर्यंत काढायचा की गुडघ्याएवढा ठेवायचा, हे उघडं ठेवलं की काम संपल्यावर बोलायला विषय राहतो. पैसे मात्र आधीच पूर्ण देऊन टाका. माणसाला हुरूप येतो.

झाड काढायला परवानगी लागते का, आणि फांदीत घरटं असेल तर काय करायचं, हे तुम्हीच विचारायचं असतं. त्यामुळे विचारू नका.

आता प्रत्यक्ष काम. खुर्ची बाहेर टाकून बसा, बघण्यासारखं असतं. तो शिडी नेमकी जी फांदी कापायची तिलाच टेकवील. बसल्या फांदीवर घाव घालू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, शिडी टेकल्या फांदीबद्दल मात्र कोणी काही बोललं नव्हतं. फांदीचा शेंडा तुटून पडला की तिच्यावरचं ओझं उतरतं, उरलेला भाग झटक्यात वर उचलला जातो आणि शिडीला टेकायला काही राहत नाही. त्या क्षणी गडी वर, चालू करवत त्याच्या हातात, आणि दोराचं दुसरं टोक त्या मोबाइल बघणाऱ्या पोराकडे.

जवळून विजेची तार जात असेल तर ‘लांबून कापतो’ असं तो सांगेल. ओली फांदी आणि भिजलेला दोर वीज वाहून नेतात. जास्त दाबाच्या तारेला तर हात लागायचीही गरज नसते, जवळ जाणं पुरतं. वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घेणं, हा भित्र्यांचा उद्योग. इथे मात्र गंमत बाजूला ठेवून सांगतो, कळवा. बाकीचे सल्ले हवे तसे पाळा.

मोठी फांदी वरून एकाच घावात कापावी. ती अर्धवट तुटताना आपल्याच वजनाने खोडाची साल हातभर सोलून घेऊन येते. जाणकार आधी बुंध्यापासून थोडं दूर खालून एक काप घेतात, मग त्याच्या पुढे वरून दुसरा, आणि फांदी पडल्यावर उरलेला खुंट तिच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर काढतात. त्या कड्यातूनच झाड जखम बंद करत आणतं. एका फांदीला तीन काप! वेळ कोणाला आहे? आपला माणूस एक तर कड्यासकट खोडालगत सफाचट करतो, नाहीतर टोपी टांगायला सोय म्हणून वीतभर खुंट ठेवतो. कुजायला दोन्ही चांगलं.

कापलेल्या जागी काळा रंग किंवा डांबर फासायला विसरू नका. कामाला पूर्णत्व येतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो नावाच्या गृहस्थांनी करवतीने हजारो झाडं उभी चिरून बघितली. 1977 मध्ये एका सहकाऱ्यासोबत त्यांनी मांडलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंती घालतं आणि कुजका भाग कोंडून टाकतं. वरच्या रंगाने कुजणं थांबत नाही, उलट आत ओल अडकू शकते. काही ठरावीक रोगांच्या भागात रंगाला अर्थ आहे, एरवी तो घरमालकाच्या समाधानासाठी असतो. पण तुमच्या समाधानाला काही किंमत नाही का?

आणि सगळ्यात लाडकी मागणी, ‘वरून अर्धं उडवा.’ शेंडा उडवला की झाड आटोक्यात राहतं, ही आपली ठाम समजूत. पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. निरोगी झाडाचंही एका वर्षात पाव हिश्शापेक्षा जास्त हिरवं काढू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. निम्मं उडवलं की उपाशी झाड घाबरून सालीखालचे झोपलेले डोळे जागे करतं आणि प्रत्येक खुंटातून धुमाऱ्यांचे झुपके फुटतात. तुम्ही ते बघून खूश होता, ‘बघा, कसं तरारलं!’ हे धुमारे वरवरच्या थरालाच चिकटलेले असतात, सरसर वाढतात आणि थोड्या वर्षांत पूर्वीची उंची गाठतात. तोवर त्यांच्या खालचा खुंट कुजू लागलेला असतो. म्हणजे आधी जे झाड पडण्याची नुसती भीती होती, ते आता खरोखर मोडण्याच्या लायकीचं होतं. करवतवाल्याचं कार्ड जपून ठेवा. तो दरवर्षी येईल, आणि दरवर्षी त्याचं म्हणणं आदल्या वर्षीपेक्षा अधिक खरं असेल. आपलंच भाकीत स्वतःच्या हाताने खरं करणारा इतका प्रामाणिक ज्योतिषी मी दुसरा पाहिला नाही. (वर चढताना तो बुटांना लोखंडी काटे लावतो, त्याने जिवंत सालीला पावलागणिक भोक पडतं. झाड तोडूनच टाकायचं असेल तर ठीक. छाटणीला आलेला माणूस काटे घालून आला, तर त्याला भविष्य दिसतं आहे एवढंच समजा.)

मुळांचं काय, असं विचाराल. मुळं पाइप फोडतात म्हणून तोडावीत. खरं तर ती बहुतेक वेळा आधीच गळणाऱ्या जोडातून आत शिरतात, पण प्लंबरपेक्षा करवतवाला स्वस्त पडतो.

एकदाचं झाड गेलं की बुडखा उरेल, कारण तो ‘सगळं’मध्ये नव्हता. त्यावर बसा. काप बघा. कडेपासून मध्यापर्यंत लाकूड घट्ट, पोकळी कुठे दिसत नाही. ती बहुधा ठकठक करतानाच बाहेर पडली असावी. वेळ आहेच, तर वर्तुळं मोजायला घ्या. मध्यापासून सुरुवात करा, बोट ठेवून, एक एक. घर बांधलं ते वर्ष तुमच्या बोटाखालून कधी गेलं कळणारही नाही. तीस-पस्तिसापर्यंत पोचाल आणि मग आत जावं लागेल. बुडख्यावर आता फार ऊन लागतं.