तेवढा पेपर अंथरू नका

मी जुने पेपर जमवतो. त्यातही फक्त हेवी मेटल या दणदणाटी रॉक संगीताच्या बातम्या आलेले. म्हणजे १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन हे ब्रिटिश बँडवाले बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर वाजवून गेले, तेव्हाचे. किंवा ऑक्टोबर २०११ चे, मेटालिका या अमेरिकी बँडचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि दोन दिवसांनी बंगळूरला मात्र दणक्यात झाला, तेव्हाचे.

कोल्हापुरात पेपर वाचून झाला की त्याची खरी नोकरी सुरू होते. भेळेचा पुडा, फडताळात अंथरायला, पावसात भिजलेल्या बुटात कोंबायला. यातून वाचलेला रद्दीवाले मामा सुटा देत नाहीत. "घ्यायचा तर गठ्ठा घे भावा, किलोवर." त्यामुळं मेटालिकाच्या एका कॉलमापायी मी गुळाच्या सौद्याचे भाव आणि वधू-वर पाहिजेत यांची ओझी गाडीवरून घरी आणलेली आहेत.

इंग्लंडात 'साउंड्स' नावाचं संगीत साप्ताहिक पेपरासारखंच निघायचं. तिथल्या नव्या मेटल बँडांच्या लाटेचं 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' हे बारसं १९७९ साली त्याच्याच पानांत झालं, आणि १९८१ मध्ये 'केरँग' हे मेटलचं नियतकालिक जन्मलं तेही त्याचीच पुरवणी म्हणून. 'साउंड्स'चा एक अंक मी परदेशातून मागवला. किंमत इथं लिहीत नाही, घरचे वाचतात. कुरियरवाल्या पोरानं तो वळकटी करून गेटच्या गजात खोचला होता. बाहेर जुलैचा पाऊस!

खरा शत्रू मात्र कागदातच असतो. पेपरच्या कागदात लिग्निन नावाचा लाकडातला घटक असतो, तो ऊन-हवा लागली की पिवळा पडतो. म्हणजे दमट ठेवला तर बुरशी आणि कसर, उन्हात घातला तर हळदीचा कार्यक्रम. हे आईला सांगून उपयोग नाही. "मी घालतो की गच्चीवर वाळत," म्हणून ती निघालीसुद्धा. वाटेत तिला पेपरात मेडनचा एडी दिसला, म्हणजे त्या बँडचं चित्रातलं भूत. डोळे खोबणीत, दात बाहेर, केस पिंजारलेले.

"कुणाचा रे हा?"

"बँडचा आहे, आई."

"घरात माणसं न्हाईत व्हय ह्याच्या? वाडीला न्या म्हणावं."

पुढच्या पौर्णिमेला ती नरसोबाच्या वाडीला जाऊन आली आणि एडीच्या पेटीत अंगाऱ्याची पुडी ठेवली. बाकीच्या पेट्यांत मी महागड्या सिलिका जेलच्या पुड्या घातल्यात. कसर तिथं लागली. आता मेटालिकासाठी अंगारा मागायचाय, खरं ती आधी फोटो दाखव म्हणते.