‘पदराखाली कोण बघतंय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मी दाबलेली नाही. ती दोनदा पडली होती, त्यातली एक उडवली एवढंच.

कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे शस्त्रक्रियेनं तो पुन्हा घडवून घेणं, करावं की नाही, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की जीव वाचला हेच पुष्कळ, सत्तेचाळिसाव्या वर्षी हे चोचले कशाला, पदराखाली कोण बघतंय? शिवाय सिलिकॉननं कॅन्सर होतो. आणि तुमच्या थोरल्या जाऊबाई वीस वर्षं ब्लाऊजमध्ये कापसाची घडी घालून सुखात आहेत.

जाऊबाई सुखात आहेत तर मला त्यांना काहीच सांगायचं नाही. काहीही न करता छाती सपाट ठेवणं हाही लेखातला एक पर्याय होता, तो तुमच्या नजरेतून सुटला असावा. पण कोण बघतंय म्हणाल, तर मी बघते. रोज, आंघोळीच्या वेळी. आणि हे नुसतं बघण्यापुरतं नाही हो. कापूस हलका, तो वर सरकतो, म्हणून मी ब्लाऊजला आतून खिसा शिवून त्यात मोहरीची पुरचुंडी घालते. मोहरीला वजन असतं. मार्चमध्ये बँकेत वरच्या फळीवरची फाइल काढायला हात वर केला आणि खिशाची शिवण उसवली. मोहरी टेबलावर, कीबोर्डात, काउंटरवर. समोर पेन्शनचे आजोबा. ‘पुडी फुटली वाटतं,’ म्हणाले आणि बिचारे दाणे गोळा करायला लागले. मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन बसले ते लंच संपेपर्यंत.

याला चोचले म्हणायचं असेल तर म्हणा.

सिलिकॉनचं तुम्ही ऐकलंत ते अर्धं खरं आहे. इम्प्लांटभोवती, म्हणजे छातीत बसवलेल्या सिलिकॉनच्या पिशवीभोवती, शरीर जे आवरण तयार करतं त्यात क्वचित एक लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, होतो. तो स्तनाचा कॅन्सर नव्हे, आणि तो मुख्यतः खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडला गेलाय. त्यातला एक प्रकार 2019 मध्ये कंपनीनं जगभरातून परत मागवला. माझी अडचण वेगळीच आहे. रेडिएशन झालेल्या जागी ते आवरण आवळत जाऊन छाती दगडासारखी होण्याचा धोका वाढतो, आणि माझं रेडिएशन झालंय. म्हणून माझ्यापुरतं इम्प्लांट जवळपास बाद.

उरतं ते डीआयईपी. बेंबीखालची कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलून छातीवर बसवायची, पोटाचा स्नायू जागच्या जागी ठेवायचा. दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडतात. पहिल्या रात्री नर्स तासातासाला डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींचं छोटं यंत्र, लावून रक्त वाहतंय ना, हे ऐकते.

इथे मात्र तुमचा टोला बरोबर बसला. ‘पोटही आत जातं, एका दगडात दोन पक्षी’ असं मी लिहिलं होतं, आणि तुम्ही विचारलंत, दगड कुणाला लागतो? नंतर ही शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंना मी त्यांच्या घरी भेटले. त्यांनी साडी खाली सरकवून व्रण दाखवला. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत, करदोट्यासारखा. सुरुवातीला त्या कमरेत वाकूनच चालत होत्या. नव्या छातीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नकोस, म्हणाल्या, चटका बसला तरी कळत नाही. ‘पण हात वर करताना आता विचार करत नाही,’ हेही म्हणाल्या. पक्ष्यांचं वाक्य मी लेखातून काढलंय.

खर्चाबद्दल गरीब बायकांचा तुम्हाला कळवळा आला, तो मलाही आहे. विमा असेल त्यांनी एवढं करावं: ‘कॉस्मेटिकला पैसे मिळत नाहीत’ असं फोनवर सांगितलं तर ते ऐकून घेऊ नये. मलाही तसंच सांगितलं होतं. मग मी पॉलिसी काढून वाचली. कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळणाऱ्या त्याच कलमात अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना याला अपवाद म्हणून लिहिलेलं आहे. कलमावर बोट ठेवून अर्ज दिला, तेव्हा कुठे भाषा बदलली.

मिस्टरांचं मत काय, हेही विचारलंत. ते म्हणतात, ‘मला काही फरक पडत नाही.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळे भरून आले. पाचव्यांदा ऐकलं तेव्हा चिडले.

निर्णय अजून झालेला नाही, आणि त्याचं खरं कारण लेखात लिहायची लाज वाटली होती. डॉक्टरांनी सिगारेटचं विचारलं, मी नाही म्हटलं. मिश्री कुणी विचारली नाही, मीही बोलले नाही. घरी येऊन वाचलं की निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, आणि बसवलेला भाग काळा पडून मरूही शकतो. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगून टाकलं. आधी निदान महिनाभर पूर्ण बंद, मगच तारखेचं बोलू, म्हणाले. लग्नाआधीपासूनची सवय आहे, ताई. डबी माळ्यावर टाकलीय. आज नववा दिवस.